लॉट नंबर

कंपनीचा माणूस आमच्या जबलपूरमधल्या अधारतालच्या घरी आला तो नमकीनचा भला मोठा खोका घेऊनच. सोबत एक छापील कागद होता, ‘तक्रारीचं समाधान झालं’ अशा अर्थाचा, आणि खाली सहीसाठी रेघ. अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, चष्मा लावून कागद शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, “और इस लॉट का क्या किया?”

“दादाजी, ये तो कंपनी की तरफ से गिफ्ट है,” तो म्हणाला.

“वो ठीक है. लॉट का क्या किया?”

अप्पांची सगळी नोकरी गन कॅरेज फॅक्टरीत झाली, तीही इन्स्पेक्शनमध्ये. एक नग खराब निघाला की आधी त्याचा लॉट बाजूला काढायचा, बाकीचं नंतर बोलायचं. निवृत्तीनंतरही ही सवय सुटलेली नाही. घरातली तांदळाची पिशवीसुद्धा तिच्यातून सुटत नाही.

झालं होतं असं, की कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून मी शेवेचं पाकीट आणलं आणि चहाबरोबर खाताना अप्पांच्या हिरडीत काहीतरी रुतलं. दातांच्या डॉक्टरांनी चिमट्यानं ओढून काढली ती स्टीलची तार होती. केसापेक्षा थोडी जाड, एका टोकाला वाकलेली. बहुधा भांडी घासायच्या तारेच्या ब्रशची. हिरडी सुजली, इंजेक्शन झालं, गोळ्या झाल्या, आणि तिखटाशिवाय ज्यांचा घास उतरत नाही त्या अप्पांना गुरगुट्या भात खाऊन दिवस काढावे लागले. कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले शेजारचे काका म्हणाले, पॅकिंगच्या पट्ट्यावर मेटल डिटेक्टर असला तरी अशी बारीक तार निसटू शकते. ती उभी जाते की आडवी, यावर बरंच असतं, आणि स्टेनलेस स्टील लोखंडापेक्षा पकडायला अवघड.

दुकानदार भला माणूस. “भाभीजी, दूसरा पैकेट ले जाइए, पैसे भी वापस,” म्हणाला. गल्लीतल्या सल्लागारांचं मात्र समाधान थेट पाच लाखांवर होतं. ‘मोठी कंपनी आहे, सोडू नका.’

मागायचं तर किती, हे ठरवायला मी कायदा उघडला. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात बाह्य पदार्थ असलेल्या अन्नाबद्दल एक लाखापर्यंत दंड आहे, पण तो सरकारजमा होतो. ज्याची हिरडी फाटली त्याला त्यातला छदाम मिळत नाही. भरपाईचं कलम वेगळं, 65 वं. मृत्यू झाला तर किमान पाच लाख, गंभीर इजेला तीन लाखांपर्यंत, इतर इजेला एक लाखापर्यंत. त्याच कायद्यात ग्राहकाला स्वतः नमुना तपासून घेण्याची सोय आहे, फक्त तसा इरादा खरेदी करतानाच दुकानदाराला सांगायचा! म्हणजे शेव घेताना मी म्हणायला हवं होतं, भैया, ही मी खाण्यासाठी नाही, प्रयोगशाळेसाठी नेतेय. ग्राहक आयोगाचा रस्ता त्या मानानं सरळ. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असली तर फी नाही, 2019 च्या कायद्यामुळे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि आयोगच वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. पाकीट मी घेतलं आणि खाल्लं अप्पांनी, यानंही अडत नाही. स्कॉटलंडमधल्या पेझली गावात 1928 साली मैत्रिणीनं घेऊन दिलेल्या जिंजर बिअरमध्ये एका बाईंना गोगलगाय आढळली. बाटली त्यांनी विकत घेतली नव्हती, तरी बनवणाऱ्यावर खाणाऱ्या-पिणाऱ्याची जबाबदारी असते, असा निकाल 1932 मध्ये लागला. बाईंनी 500 पौंड मागितले होते. गोगलगाय खरंच होती का, हे कोर्टात कधी तपासलंच गेलं नाही.

शेवटी मी कंपनीला पत्र लिहून डॉक्टरांचं बिल, औषधं, रिक्षाभाडं आणि अप्पांच्या त्रासाबद्दल दहा हजार रुपये मागितले. पाच लाख मागायला लाज वाटली असं नाही. तेवढं नुकसान झालेलं नव्हतं. पण अप्पांच्या आग्रहानं पत्रात आणखी एक मागणी घातली: त्या लॉटची पाकिटं कुठे गेली, परत मागवली का, ते लेखी कळवा. माझ्या मते योग्य भरपाईतला हाच भाग महत्त्वाचा होता. 2024 च्या जूनमध्ये मालाडला आइस्क्रीममध्ये माणसाच्या बोटाचा तुकडा निघाला, तेव्हा धागा इंदापूरच्या कारखान्यातल्या कामगारापर्यंत पोचला, कारण डीएनए जुळला. तारेला डीएनए नसतो. तिच्यामागे पाकिटावर छापलेला लॉट नंबर तेवढा असतो, आणि तोही पाकीट जपून ठेवलं तर.

खोका अप्पांनी परत पाठवला. नातू दारापर्यंत त्याच्याकडे बघत गेला. पुढे कंपनीचा चेक आला: बिलाची पूर्ण रक्कम आणि वर पाच हजार. लॉटबद्दल एकच ओळ होती, ‘आवश्यक ती कार्यवाही करण्यात आली आहे.’

“इन्स्पेक्शनच्या रजिस्टरमध्ये असं लिहिलं असतं ना सूनबाई,” अप्पा म्हणाले, “तर साहेबांनी रजिस्टर माझ्याच अंगावर फेकलं असतं.”

चेक बँकेत भरला. लॉट नंबर, पाकिटाचे फोटो आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत जोडून अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांकडे अर्ज दिला आहे. त्याचं उत्तर आलेलं नाही. आयोगात जायला घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, आणि अप्पांनी ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवली आहे.