यादीच्या पुढचं

रेवदंड्यात अफनासी निकितीनचं स्मारक आहे. 1469च्या सुमारास रशियातल्या त्वेर शहरचा हा व्यापारी होर्मुझहून घोडा घेऊन शेजारच्या चौलच्या बंदरात उतरला. रेवदंड्याची आज दिसणारी पोर्तुगीज तटबंदी तेव्हा बांधलीही गेली नव्हती.

चौलबद्दल तो आपल्या वह्यांत डोळ्यांना दिसलं ते लिहितो: उघड्या अंगाची, उघड्या डोक्याची माणसं, केसांची एकच वेणी, आणि या गोऱ्या पाहुण्यामागे अचंब्याने चालणारी गर्दी. मी या किनाऱ्याविषयी लिहायला बसते तेव्हा माझ्याही हाती अशीच यादी येते. पोफळीच्या वाड्या, रहाटाच्या विहिरी, कुंडलिकेच्या मुखापलीकडचा कोर्लईचा डोंगर. नावं सगळी बरोबर असतात. हे गाव माझं कोण लागतं, तेवढंच राहून जातं. ते मला फार सलतं.

निकितीन त्या यादीच्या पुढे गेला. त्याची धर्मपुस्तकं वाटेतच, आस्त्राखानजवळच्या लुटीत गेली होती. ईस्टर कधी, उपास कधी, काही उमगेना. जुन्नरच्या सुभेदाराने घोडा काढून घेतला, धर्म बदल म्हणून अडवलं. आणि मग देवाची आळवणी, रशियाच्या भूमीवरची माया, तिथल्या सरदारांच्या अन्यायाचं दुःख लिहायची वेळ आली की हा माणूस रशियन सोडतो. अक्षरं तीच, शब्द मात्र तुर्की, फारसी, अरबी. व्यापाराच्या वाटेवर जिभेवर बसलेले.

सरदारांवरची टीका लपवायला त्याने हे केलं, असं काही जण म्हणतात. असेलही. माझं तेवढ्याने समाधान होत नाही. ज्या बोलीत परमुलखातली भीती सोसली, त्याच बोलीत ती बोलती झाली असणार. समोरच्या कोर्लईतून पोर्तुगीज सत्ता 1740मध्ये गेली, पण पोर्तुगीजातून उगवलेली बोली तिथल्या ख्रिस्ती घरांत अजून नांदते. परक्यांची भाषा तिथे आईची झाली. आणि मी? मी लिहिते प्रमाण मराठीत, पण इथे भांडले, रडले, रुसले ती वाडीतल्या बायकांच्या आगरीत.

निकितीन घरी पोचला नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. त्याच्या वह्या 1475मध्ये मॉस्कोला गेल्या आणि पुढे इतिवृत्तात दाखल झाल्या, त्या परक्या वाक्यांसकट. मायदेशी निघालेल्या त्या माणसाची शेवटची प्रार्थना अरबीत आहे.