लबोच्या हातावरचा नंबर

परवा आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. हिटलर किती शिस्तीचा होता आणि ज्यूंच्या कत्तलीचे आकडे कसे ‘फुगवलेले’ आहेत, असा. पाठवणारे काका वयाने मोठे, माझ्यावर जीव असलेले. मी गप्प बसलो. पण दोन दिवस चैन पडेना, कारण सारखा रॉबर्ट क्लॅरी आठवत होता.

हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसणार. ‘होगन्स हीरोज’ ही अमेरिकेतली जुनी विनोदी मालिका, १९६५ ते १९७१ अशी सहा सीझन चालली. दुसऱ्या महायुद्धातली जर्मनांची युद्धकैद्यांची छावणी, आणि आतले कैदी जर्मन अधिकाऱ्यांना रोज मामा बनवतात. क्लॅरी त्यात कॉर्पोरल लबो होता. बुटका, तुरतुरा फ्रेंच स्वयंपाकी. पहारेकरी शुल्झला स्ट्रुडेल खाऊ घालून गप्प करणारा. यूट्यूबवर काही भाग बघताना मी पोट धरून हसलोय.

मग त्याच्याबद्दल वाचलं आणि हसू जागच्या जागी थांबलं.

क्लॅरी पॅरिसचा, ज्यू घरातला, चौदा भावंडांत धाकटा. १९४२ मध्ये सोळाव्या वर्षी घरच्यांबरोबर त्यालाही पकडून नेलं. हातावर ए-५७१४ हा नंबर गोंदला. बुखेनवाल्डच्या छळछावणीत तो एसएसच्या सैनिकांसमोर गाणी म्हणायचा. त्या गाण्यांनीच आपल्याला जगवलं, असं तो सांगे. एप्रिल १९४५ मध्ये सुटका झाली, तेव्हा कळलं की कुटुंबातले बाराजण मारले गेलेत.

आणि हाच माणूस पुढे नाझींवरच्या विनोदी मालिकेत सहा वर्षं काम करतो! लोक त्याला विचारायचेच, तुला हे जमतं कसं? तो म्हणायचा, युद्धकैद्यांची छावणी वेगळी आणि छळछावणी वेगळी, दोन्हींची गल्लत करू नका. त्यात कर्नल क्लिंक झालेला वेर्नर क्लेम्पेररही नाझींमुळेच जर्मनी सोडून आलेला. क्लिंकला कधीच यश मिळता कामा नये, या अटीवर त्याने ती भूमिका घेतली होती.

छावणीबद्दल मात्र क्लॅरी जाहीरपणे काही बोलत नसे. १९८० च्या सुमारास ‘असं काही घडलंच नाही’ म्हणणाऱ्यांचा आवाज वाढला, तेव्हा तो बोलायला लागला. शाळा-कॉलेजांत जाऊन मुलांना सांगायचा. २०२२ मध्ये, ९६ व्या वर्षी तो गेला. आता ‘मी तिथे होतो’ म्हणणारे फारच थोडे उरलेत.

म्हणून काल रात्री ग्रुपवर लिहिलं, ‘काका, राग मानू नका, पण तुम्ही पाठवलेलं खरं नाही.’ खाली क्लॅरीची हकिकत टाकली, नंबरासकट.

निळ्या खुणा दिसताहेत. उत्तर अजून नाही. फॉरवर्डही अजून तिथेच आहे.