कळांचे आवाज

दहावीची परीक्षा संपली की टायपिंगचा क्लास लावायचा, हे आमच्या वेळी साताऱ्यात कोणाला वेगळं सांगावं लागत नसे. पेठेतल्या एका माडीवर इन्स्टिट्यूट होती. जिन्याच्या पहिल्या पायरीवरच ती ऐकू यायची. गोदरेजने 1955 साली पहिलं देशी टाइपरायटर काढलं, त्याच घराण्यातली मशीनं रांगेने मांडलेली आणि त्यांच्या जोडीला दोन-तीन जुनी रेमिंग्टन. सर डोळे मिटून खुर्चीत बसलेले असायचे. पण कुणाची लय तुटली की बरोब्बर त्याच्याच नावाने हाक यायची. ओळ संपत आली की घंटी किणकिणायची आणि कॅरेज खर्रकन मागे ढकललं जायचं. त्या खोलीत आवाजाबद्दल तक्रार कोण करणार? आवाज थांबला तरच सर डोळे उघडत.

पुढे कचेरीत टंकलेखक म्हणून लागले, तेव्हा बोटांना खरं वळण लागलं. वरचा कागद आणि खाली कार्बन घालून प्रती. शेवटची प्रत साहेबांच्या फाइलला जायची आणि तीच नेमकी पुसट यायची. म्हणून प्रत्येक अक्षर ठोकायचं. मशीन जुनं झालं की त्याचा रबरी रूळ कडक व्हायचा आणि आवाज आणखी चढायचा. त्यावर कचेरीतले उपायही ठरलेले होते. मशीनखाली नमद्याचा जाड तुकडा आणि टाइप करायच्या कागदामागे एक जादा कोरा कागद. एवढं केलं की शेजारच्या टेबलावर फोनवर बोलता यायचं.

मग संगणक आले. त्यांच्या कीबोर्डात कळांखाली रबराच्या मऊ टोप्या होत्या. कितीही ठोका, आवाज बेताचाच. राज्यात टाइपरायटरवरची सरकारी परीक्षा 2017 साली शेवटची झाली, तोवर माझ्या कानांना या मुकेपणाची सवय झाली होती. निवृत्तीनंतर घरी अनुवादाची कामं घेऊ लागले, तेव्हा मुलाने मेकॅनिकल कीबोर्ड आणून दिला. "आई, तुला आवडेल. निळे स्विच आहेत."

आवडला! या कीबोर्डात प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच आणि स्प्रिंग असते. चेरी या जर्मन कंपनीने स्विचांना रंग दिले, ते आता बहुतेक सगळे पाळतात. लाल म्हणजे सरळ खाली जाणारा, तपकिरी म्हणजे बोटाला हलका अडथळा जाणवणारा, निळा म्हणजे वाजणारा. निळ्याचा दांडा दोन तुकड्यांचा असतो. कळ दाबताना खालचा तुकडा अडतो आणि सुटला की टिक्कन आपटतो. कळ सुमारे चार मिलिमीटर खाली जाते, पण हा टिक साधारण मध्यावरच होतो आणि अक्षर उमटतं तेही तिथेच. त्यापुढे दाबण्यात काही अर्थ नसतो. पण कार्बनवर घडलेली बोटं मध्यावर थांबतात होय!

शेजारच्या खोलीत सासूबाई दुपारी पडतात. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या दारात येऊन म्हणाल्या, "अगं, तू टाइप करतेस की पोहे कांडतेस?"

मी टिकचा बंदोबस्त करायला निघाले. मुलगा म्हणाला, स्विच बदलू, दांड्याला रबर लावलेले आवाज न करणारे मिळतात. पण सासूबाई रत्नागिरीकडच्या. कांडण म्हणजे काय ते त्यांना पक्कं ठाऊक. त्यांनी टिकटिक म्हटलं नव्हतं. म्हणून मोबाइल त्यांच्या उशाशी रेकॉर्डिंगला लावला आणि इकडे येऊन एक पानभर मजकूर टाइप केला. ऐकलं तर टिक जवळजवळ नाहीच. होता तो धप्प-धप्प, आणि दर शब्दानंतर एक खडाड्. बारीक, तीक्ष्ण आवाज भिंत बराचसा अडवते; ठोक्याचा जड आवाज टेबलातून भिंतीत आणि भिंतीतून उशीपर्यंत जातो. मला दिवसभर ऐकू येत होता तो आवाज एक आणि त्यांची झोप मोडत होता तो दुसराच.

खडाड् स्पेस बारचा निघाला. लांब कळ एका टोकाला दाबली तरी सरळ खाली जावी म्हणून तिच्याखाली तारेचा कंस असतो. तारेची टोकं प्लॅस्टिकच्या खोबणीत सैल असली की खडखडतात. मुलाने ती कळ उचकटून काढली, टोकांना काडीने सिलिकॉन ग्रीस लावलं आणि खडखड थांबली. कीकॅपच्या आत रबरी रिंगा बसवल्या. त्यांनी टिक कमी होत नाही, तळाला बसणारा ठोका मऊ होतो. टेबल भिंतीला टेकलेलं होतं, ते चार बोटं पुढे ओढलं. आणि कीबोर्डखाली नमदा अंथरला, कचेरीतल्यासारखाच. आता तो डेस्क मॅट म्हणून मिळतो, एवढंच. बोटांनाही जरा समज दिली. ती ऐकतात, पण चांगलं वाक्य जमलं की पुन्हा ठोकतात.

टिक मात्र तसाच ठेवला. तो माझ्यापुरता आहे. अक्षर पोचल्याची पोच.

सासूबाईंची झोप सुधारली आणि तिसरे कान जागे झाले. सूनबाई माझ्याच खोलीत बसून ऑफिसच्या मीटिंगा करते. तिच्या मायक्रोफोनला धप्पचं काही नाही, त्याला नेमका टिकच बोचतो. पलीकडून कुणीतरी विचारलं म्हणे, तुमच्याकडे गारा पडतायत का? म्हणजे भिंतीसाठी केलेलं सगळं इथे फुकट. याच्यावर ग्रीसही नाही आणि नमदाही नाही; निळे स्विच काढायचे, नाहीतर त्या वेळेपुरतं टाइप करायचं नाही. मी दुसरं पत्करलं. तिची मीटिंग सुरू झाली की मी वही ओढते आणि पुढच्या पानाचा खर्डा हाताने करते. अनुवादाचा पहिला खर्डा तसाही हातानेच बरा उतरतो.