वरून ओता, खालून काढा

टाकीतलं पाणी कमी झालं की वरून ओतायचं, आणि टाकी काठोकाठ भरलेली असली तर त्यातलंच उपसून काढायचं, हे गणित माझ्या डोक्यात शिरायला फार वेळ लागला. पुतण्या परगावी गेला तो जाताना दोन फुटी टाकी आणि गप्पी मासे माझ्या गळ्यात घालून. हे तेच गप्पी, जे डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून महापालिका विहिरींत सोडते. म्हटलं, तिथे जगणाऱ्यांना माझ्या दिवाणखान्यात काय धाड भरणार!

पहिली धास्ती पाणी आटण्याची. मे महिना, डोक्यावर पंखा, टाकीला झाकण नाही. पातळी खाली सरकली की फिल्टरचं पाणी उंचावरून धो धो पडायचं, रात्री झोप नाही. टाकी गळतेय असं वाटून मी खालचा थर्माकोल चाचपला. ठणठणीत कोरडा. दोन बाय एक फुटाच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे साडेचार लिटरच्या वर. एवढं नुसतं हवेत जातं हे पटेना. मग रोज सकाळी बोअरचं पाणी तांब्याने ओतू लागलो.

"काका, पाणी बदलता ना?" माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानातल्या पोराने विचारलं.

"रोज टाकतोय की."

"टाकताय हो. बदलत नाही."

त्याने टाकीतलं पाणी बाटलीतून आणायला लावलं, त्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवला. आकडा बोअरच्या पाण्याच्या दुपटीपुढे! आमटी आटली की खारट होते, तसंच हे. वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी; क्षार मागे राहतात, आणि मी रोज त्यात नवे क्षार ओतत होतो. काचेवरची पांढरी रेघ पुसून पुसून मी दमलो होतो, ती हीच.

त्यात माशांच्या विष्ठेचा अमोनिया. फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट विषारी, नायट्रेट त्या मानाने सौम्य. पण ते साठत जातं. उडून जात नाही, साध्या फिल्टरने निघत नाही. पाण्याबरोबरच बाहेर काढावं लागतं. म्हणून दर आठवड्याला पाव टाकी उपसायची, नळी खड्यांत खुपसून तळचा गाळही ओढून घ्यायचा. शेजारचे आजोबा म्हणाले, सगळं पाणी काढून टाकी साबणाने घासा. तसं केलं तर जिवाणूही गेले. स्पंजसुद्धा उपसलेल्या पाण्यातच पिळायचा, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंनाही मारतं.

खरा गोंधळ पुढेच. आटलेलं भरून काढायला आरओचं पाणी चांगलं, कारण त्यात क्षार जवळपास नसतात. बदलायला मात्र तेच नुसतं चालत नाही. गप्प्यांना थोडं जड पाणी मानवतं. मग नळाचं घ्यायचं आणि क्लोरीन घालवायला त्यात अँटिक्लोर टाकायचं. एकाच टाकीला दोन प्रकारचं पाणी! मी बादल्यांवर खडूने खुणा केल्या.

पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद असतं ते बहुधा गुरुवारी, आणि शुक्रवारी येतं ते कमी दाबाने, कधी गढूळ. त्यामुळे आमचा पाणी बदलायचा वार बुधवार. त्या दिवशी न्हाणीघरात पाय ठेवायला जागा नसते, ही हिची तक्रार खरी आहे.