मापकाचे माप

आमच्या घरी पिवळ्या रंगाचा एक अंकीय मल्टिमीटर आहे. निवृत्तीनंतर एकदा मुंबईस गेलो असता लॅमिंग्टन रोडवरच्या पदपथावर तो अडीचशे रुपयांना घेतला. ३३ वर्षे आम्ही शाळेत विज्ञान शिकविले. प्रयोगशाळेतले व्होल्टमीटर काट्याचे होते. काटा थरथरे, डोके सरळ वर धरून पाहिले नाही तर वाचन चुके, आणि दोन रेघांच्या मध्ये तो थांबला की मुले एकमेकांशी भांडत. पिवळ्या मीटरात यातले काही नव्हते. तारा टेकविल्या की चार ठसठशीत अंक उमटत. आकडा दिसला की वाद मिटला, असे आम्ही हळूहळू धरून चाललो.

२०२३ च्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या मातोश्री तेव्हा अंथरुणाला खिळून होत्या. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांना हवेच्या गादीवर ठेविले होते. तिचा लहानसा पंप अहोरात्र चालावा लागतो; तो थांबला की गादी बसते आणि अंगाखाली लाकडी फळी तेवढी उरते. पंपासाठीच आम्ही इन्व्हर्टर घेतला होता. त्याची देखभाल आमच्याच शाळेत शिकलेला एक तरुण करीत असे.

त्या दिवशी त्याने बॅटरीचे भरण बंद केले, दोन तास वाट पाहिली आणि आपला मीटर लावला. ११.९० व्होल्ट. "सर, बॅटरी चार्ज धरत नाही. बदलावी लागेल," तो म्हणाला. शिसे-आम्लाची पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असताना १२.६ ते १२.८ दाखविते, १२ च्या खाली आली तर ती जवळजवळ रिकामी, हे आम्हांसही ठाऊक होते. आम्ही आत जाऊन आमचा मीटर आणला. १२.६१!

त्याने दोन्ही आकड्यांकडे पाहिले. "सर, हायड्रोमीटर आणतो. सहाही सेलमधल्या ॲसिडची घनता पाहू, म्हणजे शंका राहणार नाही." खरे तर ज्याने वर्गात घनता शिकविली त्याने या सूचनेवर विद्यार्थ्याची पाठ थोपटावयास हवी होती. आम्ही म्हणालो, "नवी बॅटरी खपवायची असली की जुनी वाईटच दिसायची." घरची माणसे ऐकत होती. तो काही बोलला नाही. हत्यारे पिशवीत भरून निघून गेला.

संध्याकाळी मनाच्या समाधानासाठी आम्ही मीटरची परीक्षाही घेतली. भिंतीवरच्या घड्याळातून एक आणि टीव्हीच्या रिमोटमधून दोन असे तीन विद्युतघट काढले. एकेकाचे विभवांतर मोजले: १.५७, १.५५, १.५९. मग तिन्ही एकसर जोडणीत ठेवून मोजले: ४.७१. बेरीज तंतोतंत जुळली. आम्ही पत्नीस बोलावून तो आकडा दाखविला.

तिसऱ्या रात्री एकच्या सुमारास वीज गेली. इन्व्हर्टर वीस मिनिटांत बंद पडला. गादी कशी बसत गेली ते मेणबत्तीच्या उजेडात आम्ही पाहात होतो. पहाटे साडेपाचपर्यंत पत्नी आणि आम्ही मातोश्रींना कधी या कुशीवर, कधी त्या कुशीवर करीत राहिलो. त्या तक्रार करीत नव्हत्या. सकाळी कमरेखाली तळहाताएवढा लाल चट्टा उठला होता.

फोन पत्नीने केला. आमचा धीर झाला नाही. तासाभरात तो तरुण नवी बॅटरी घेऊन आला. जुनी काढण्यापूर्वी त्याने दोन्ही मीटर तिच्यावर एकदमच लाविले. आमचा आकडा पुन्हा सुमारे सहा टक्क्यांनी पुढे. मग त्याने आमच्या मीटरचे मागचे झाकण उघडले आणि आतली नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आपल्या मीटरने मोजली. तीत ६.४ व्होल्ट उरले होते.

असला मीटर बाहेरचे विभवांतर आपल्या आतल्या एका ठरीव विभवांतराशी ताडून आकडा सांगतो. आतली बॅटरी फारच उतरली की ते ठरीव विभवांतरही खाली येते. गज आखूड झाला म्हणजे कापड जास्त भरते, तसे मग प्रत्येक वाचन फुगते. काही मीटरांत अशा वेळी पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरीचे चित्र उमटते; आमच्या स्वस्त मीटरात ती सोय नव्हती. आणि आमची ती बेरजेची परीक्षा? तिने मीटरची चढती श्रेणी सारखी आहे एवढेच कळते. सर्वत्र सारख्याच प्रमाणात खोटे बोलणारा मीटर तीत शंभर गुण मिळवितो. घड्याळात वर्षभर चाललेला घट नव्यासारखा १.५७ दाखवितो, ही गोष्ट आम्हांस त्याच संध्याकाळी खटकावयास हवी होती.

नवी चौकोनी बॅटरी घातल्यावर आमचा मीटर ताळ्यावर आला. इन्व्हर्टरच्या नव्या बॅटरीवर त्याचा मीटर १२.७४ दाखवीत होता, आमचा १२.७९. आमच्या मीटरबरोबर आलेल्या कागदावर वाचनाच्या ०.५ टक्के अधिक शेवटच्या स्थानाचे दोन अंक एवढी चूक क्षम्य धरिली आहे. १२ व्होल्टपाशी ती सुमारे ०.०८ होते, तेव्हा ०.०५ चा फरक मर्यादेतच होता. पडद्यावरचे लघुतम माप ०.०१ व्होल्ट, पण भरवसा ०.०८ चा. लघुतम माप आणि अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वाक्य आम्ही फळ्यावर किती वेळा लिहिले असेल!

पण त्याचाच मीटर खरा कशावरून? आम्ही हे विचारले तेव्हा आमच्या आवाजात ताठा नव्हता, आणि त्यालाही ते जाणवले असावे. तो ज्या ठिकाणी नोकरी करतो तेथून हा मीटर दरवर्षी तपासणीस जातो. तपासणाऱ्या प्रयोगशाळेची उपकरणे आणखी वरच्या प्रमाणाशी ताडलेली असतात, आणि आपल्या देशात ही साखळी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेशी जाऊन पोहोचते. पूर्वी व्होल्टचे प्रमाण एका काचेच्या घटात सांभाळीत. एडवर्ड वेस्टन यांनी तो १८९३ साली तयार केला आणि १९११ पासून तो आंतरराष्ट्रीय प्रमाण मानला गेला. २० अंश सेल्सिअसला त्याचे विभवांतर १.०१८६ व्होल्ट. १९९० पासून त्याची जागा जोसेफसन परिणामाने घेतली. अतिशीत अवस्थेतील दोन अतिवाहकांमधल्या पातळ थरावर ठरावीक वारंवारतेच्या सूक्ष्मलहरी सोडल्या की विभवांतर निसर्गाच्या स्थिरांकांनीच ठरते. तेथे झिजणारे, उतरणारे काही नाही. घरी बसून एवढ्या दूर जाता येत नाही. साखळीतली जवळची एखादी कडी हाती धरता येते, इतकेच.

ती कडी आणावयास आम्ही पुन्हा लॅमिंग्टन रोडवर गेलो. एडी ५८४ नावाची, ठरावीक विभवांतर देणारी एक चिप घेतली. तिच्या साध्या प्रतीच्या १० व्होल्टमध्ये ०.०३ पर्यंत फरक असू शकतो, म्हणजे तीही काही निर्दोष साक्षीदार नव्हे. प्रमाण हे तपासावयाच्या मीटरहून चौपट तरी अचूक असावे असा जुना दंडक आहे. आमचा मीटर तिच्यावर १०.०४ दाखवितो. त्या तरुणाच्या मीटरशी ताडतानाही आमचा आकडा एवढ्याच प्रमाणात, हजारी चार, जास्त होता. दोन निरनिराळ्या वाटांनी आलेले साक्षीदार एकच सांगू लागले, तेव्हा आम्हांस थोडा धीर आला.

रोध तपासण्यासाठी दुकानदाराने प्रथम एक टक्क्याचे रोधक पुढे केले. ते परत केले, मीटरच ०.८ टक्क्यांचा, त्याला एक टक्क्याचा परीक्षक काय कामाचा? जांभळ्या पट्ट्याचे, ०.१ टक्क्याचे घेतले. तारांची टोके एकमेकांना भिडविली असता ०.४ ओहम दिसतो. तो तारांचाच, लहान रोध मोजताना वजा करावा.

घरातल्या सॉकेटचे २३० व्होल्ट मात्र परीक्षेस वापरू नयेत. ते स्थिर नसतात, आणि स्वस्त मीटरच्या तारांचे आवरण व आतला फ्यूज यांवर जीव टाकणे शहाणपणाचे नव्हे. शिवाय हा मीटर प्रत्यावर्ती धारेची सरासरी घेऊन तिला १.११ ने गुणतो, आणि हा हिशेब ज्या तरंगाला लागू पडतो. चौकोनी तरंगाच्या इन्व्हर्टरवर तो ११ टक्के जास्तच सांगणार.

मातोश्रींचा चट्टा पंधरवड्याने गेला. त्यानंतर एका रविवारी तो तरुण आपण होऊन आला. आम्ही चिप, रोधक आणि वाचनांची वही त्याच्यापुढे मांडली. मग म्हणालो, "त्या दिवशी जे बोललो ते चुकले."

तो वही चाळीत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "सर, आत एक प्रीसेट असतो. स्क्रू किंचित फिरवला की हे चार जातील. फिरवू?"

"नको," आम्ही म्हणालो. "चिपवर तेवढा विश्वास नाही. चूक किती ते ठाऊक आहे, तेवढे पुरे."

त्याने खिशातून पेन काढले आणि कागदी चिकटपट्टीचा एक तुकडा मीटरच्या पाठीवर डकविला. त्यावर तारीख घातली आणि खाली लिहिले: '१० व्होल्टला ०.०४ जास्त. आतली बॅटरी आधी बघणे.' दुसरे वाक्य लिहिताना तो जरासा हसला. मग चहा घेतला, आणि जाताना हायड्रोमीटर आमच्याकडेच ठेवून गेला.