हातचें सामान

सात या आंकड्याला आपल्याकडे पूर्वीपासूनच मोठा मान आहे. सूर्याच्या रथाचे घोडे सात, लग्नांत चालावयाचीं पावलें सात, आकाशांतले ऋषि सात, आणि परदेशीं गेलेला मनुष्य जातो तोहि सातासमुद्रांपलीकडेच. या थोर मालिकेंत गेल्या कांहीं वर्षांत आणखी एका साताची भर पडली आहे; ती म्हणजे विमानांत स्वतःबरोबर न्यावयाच्या सामानाचे सात किलो. देशांतल्या देशांत साध्या वर्गानें प्रवास करणाऱ्यास आपल्याकडच्या कंपन्या बहुधा एवढेंच वजन हातीं नेऊं देतात. शिवाय पिशवीची लांबी, रुंदी व उंची यांची बेरीज ११५ सेंटिमीटरांवर जातां कामा नये. पोटांत टाकावयाच्या सामानास (विमानाच्या पोटांत, आमच्या नव्हे) पंधरा किलोंच्या आसपास मोकळीक असते. पण त्याविषयीं येथें बोलावयाचें नाहीं. जें सामान मनुष्य दुसऱ्याच्या स्वाधीन करतो त्याचें त्याला फारसें कांहीं वाटत नसतें. जें तो हातांतून सोडीत नाहीं त्यांत त्याचा जीव असतो, आणि नेमकें तेंच काट्यावर चढतें.

आम्ही प्रवास शिकलों तो आगगाडींत. रेल्वेनेंहि प्रवाशाच्या सामानास मर्यादा घातलेली आहे, हें ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. दुसऱ्या वर्गास ३५ किलो, शयनयानास ४०, आणि वातानुकूलित पहिल्या वर्गास ७० किलो सामान मोफत नेतां येतें. परंतु वळकटी, ट्रंक, फिरकीचा तांब्या, डब्यांची चळत व वाटेंतल्या नातलगांसाठीं घेतलेली आंब्यांची करंडी यांचें वजन कोणी केलेलें आम्हीं पाहिलें नाहीं. बांकाखालीं सामान सरकलें कीं नियम पाळला गेला. वजन करी तो फक्त हमाल. तेंहि डोळ्यांनीं, आणि सांगे तें रुपयांत. अशा शाळेंत शिकलेल्या मनुष्याला घर बरोबर घेऊन निघण्याची संवय लागते. त्याला एकदम सात किलोंत आणणें म्हणजे सढळ हाताच्या सुगरणीला औषधाच्या चमच्यानें तूप वाढावयास सांगण्यासारखें आहे.

विमानप्रवासाच्या आदल्या रात्रीं मध्यमवर्गीय घरांत जो वजनाचा विधि चालतो त्याचें वर्णन आजवर कोणीं करून ठेवलेलें नाहीं, हें आश्चर्य होय. ज्यांच्या घरीं आंकड्याला पिशवी अडकवून उचलावयाचा छोटा काटा आहे ते भाग्यवान. इतरेजन स्नानगृहांतल्या काट्यावर आधीं स्वतः उभे राहतात, मग पिशवी छातीशीं धरून उभे राहतात आणि वजाबाकी करतात. या वजाबाकीच्या ओघांत घरांतल्या वडीलधाऱ्यांचीं खरीं वजनें बाहेर येतात व कांहीं काळ मूळ विषय बाजूला पडतो. मग पिशवी पुन्हां उघडते. एक पुस्तक बाहेर येतें, जोडे बाहेर येतात, पुस्तक फिरून आंत जातें. शेवटीं जें पिशवींत मावत नाहीं तें अंगावर चढतें. मे महिन्यांत लोकरीचा कोट घालून, दोन्ही खिशांत तारा नि बॅटऱ्या कोंबून विमानतळावर घाम पुशीत उभा असलेला गृहस्थ दिसला तर त्याला वेडा समजूं नये. तो हिशेबी आहे.

या सर्व हिशेबांत एक अन्याय मात्र आम्हांला विशेष बोंचतो. वाण्याकडे आपण भांडें घेऊन तेल आणावयास जात असूं, तेव्हां तो भांडें पारड्यांत ठेवून आधीं त्याचा धडा करी आणि मग तेल तोली. भांड्याच्या वजनाचे पैसे घेणें हें त्याच्याहि नीतींत बसत नसे. विमानतळाच्या काट्याला धडा ठाऊक नाहीं. चाकांची कडक पिशवी रिकामीच अडीच-तीन किलो भरते. म्हणजे सात किलोंचा धनी म्हणवणारा प्रवासी वास्तविक चार किलोंचाच धनी असतो. बाकीचे तीन किलो तो चाकें, दांडा व कुलूप यांनाच विमानाची सफर घडवून आणतो. आमच्या आजोबांची खादीची पडशी अशा वेळीं फार आठवते. तिचें वजन पावशेर भरलें असतें तरी पुष्कळ.

मर्यादा मुळांतच नको असें आम्ही म्हणत नाहीं. १८० आसनांच्या विमानांत प्रत्येकानें सात किलो आणले तरी ते १२६० किलो होतात, आणि तेवढें वजन उचलावयास इंधन लागतेंच. डोक्यावरचे कप्पेहि ठराविक भारासाठींच बांधलेले असतात, आणि त्यांतून बारा किलोंची पिशवी निसटली तर ती मालकाच्या डोक्यावर पडेलच अशी खात्री देतां येत नाहीं. बहुधा ती शेजाऱ्याच्याच डोक्यावर पडते. पण मौज अशी कीं ही डोक्यावरची जागा सामानासाठीं मूळची नव्हेच. जुन्या विमानांत तेथें टोप्या, कोट व पांघरुणें ठेवण्याची उघडी फळी असे. १९७० सालीं प्रवासी नेऊं लागलेल्या बोइंग ७४७ विमानांत झांकणाचे कप्पे आले. १९७२ सालीं बर्नार्ड सॅडो या अमेरिकन गृहस्थांना चाकांच्या पेटीचें पेटंट मिळालें, आणि १९८७ च्या सुमारास रॉबर्ट प्लाथ या वैमानिकानें ती पेटी उभी करून तिला लांब दांडा बसविला. तोंवर मनुष्याचा दंड हीच सामानाची मर्यादा होती. हात दुखला कीं वजन पुरे झालें असें समजावें. चाकांनीं ती लाज घालविली. पुढें २००८ सालीं अमेरिकन एअरलाइन्सनें पोटांत टाकावयाच्या पहिल्याच नगावर १५ डॉलर आकारण्यास आरंभ केला, इतरांनीं तो कित्ता गिरविला, आणि खालचें सामान पैसे वांचविण्यासाठीं वर चढलें. तें वर चढल्यावर तेथेंहि काटा आला. युरोपच्या न्यायालयानें २०१४ सालीं असा निर्णय दिला कीं, वाजवी वजनाचें व मापाचें हातसामान ही प्रवासाची अपरिहार्य बाब असल्यामुळें त्यावर वेगळा आकार घेतां येऊं नये. 'वाजवी' म्हणजे किती, यावर मात्र तिकडे अजून झगडे चालूंच आहेत.

काटा बसला तरी तो सर्वांना सारखा लागत नाहीं. चाकांची पेटी ओढीत येणारा अडतो. पाठीला दहा किलोंची थैली लावून ताठ चालणारा तरुण हंसत पुढें जातो. आणि खुद्द प्रवाशाला तर कोणीच तोलीत नाहीं. विमानांच्या आरंभीच्या दशकांत तोलीत असत. सामानाबरोबर मनुष्यहि काट्यावर उभा राही. आतां त्याचें सरासरी वजन धरतात. ती सरासरी ताजी करण्यासाठीं २०२४ सालीं फिनलंडच्या विमानकंपनीनें हेल्सिंकी येथें राजीखुशीनें पुढें येणाऱ्या प्रवाशांचीं त्यांच्या हातसामानासह वजनें घेतलीं होतीं. बाकी नव्वद किलोंचा गृहस्थ व चाळीस किलोंची म्हातारी या दोघांच्या वांट्याला सातच किलो येतात. या न्यायाविषयीं आमच्या आत्याचें मत पुढें यावयाचें आहे.

तत्पूर्वीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. २ जानेवारी २०२४ रोजीं टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपान एअरलाइन्सचें विमान उतरत असतां धांवपट्टीवरच्या तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलें. त्या लहान विमानांतले पांच जण मृत्यु पावले. मोठ्या विमानाला आग लागून तें पुरतें जळून गेलें. पण त्यांतले सर्वच्या सर्व ३७९ जण जिवंत बाहेर पडले. पिशव्या मागें ठेवून बाहेर पडा अशी आज्ञा झाली आणि प्रवाशांनीं ती पाळली. त्या कप्प्यांत कोणाचें काय होतें याची यादी कोणाजवळ नाहीं. हातसामान म्हणजे जें दुसऱ्याच्या हातीं सोंपवत नाहीं तें. आणि तें त्या लोकांनीं उभ्या उभ्या आगीला सोंपविलें. त्या दिवसापासून डोक्यावरच्या कप्प्याकडे आम्ही जरा निराळ्या नजरेनें पाहतों.

आमच्या आत्याला हा प्रश्न सावकाश पडला. म्हणून तो सोपा होता असें नव्हे. आतोबा जाऊन बरींच वर्षें झालीं होतीं. पुण्यांतला वाडा पाडून तेथें नवी इमारत उठणार, आणि बंगळूरला असलेला मुलगा तिला कायमची तिकडे नेणार, असें ठरलें. मुलाला रजा नव्हती. पोंचविण्याचें काम आम्हांकडे आलें. भांडींकुंडीं वाटून झालीं, लुगडीं व अंथरुणें मोठ्या पेट्यांत गेलीं, आणि मग आत्यानें चार वस्तु पुढें मांडून सांगितलें, "हें माझ्या हातांतच राहील. पट्ट्यावरून आपटत जायला हे कांहीं बटाटे नाहींत."

त्या चार वस्तु म्हणजे देव, सहाण, खोबऱ्याच्या वाट्या आणि आतोबांच्या वह्या.

खोबऱ्याचा निकाल आमच्या कन्येनें लावला. सुक्या खोबऱ्यांत तेल इतकें असतें कीं तें आपोआप तापून पेट घेऊं शकतें, म्हणून तें धोक्याच्या मालांत गणलें आहे, असें तिनें यादी वाचून दाखविलें. "एवढीं वर्षें माझ्या डब्यांत कधीं पेटलें नाहीं," एवढेंच आत्या म्हणाली आणि वाट्या शेजारणीला देऊन आली. सहाण, ताम्हन व पळीपंचपात्र आमच्या पिशवींत गेलें. आमचे सात किलो तेवढ्यानेंच भरले.

राहिले देव आणि वह्या. आतोबा सरकारी कचेरींत कारकून होते आणि लग्नापासून अखेरपर्यंत त्यांनीं घरचा जमाखर्च स्वतःच्या हातानें लिहिला. अशा चौदा वह्या. आम्हीं काट्याला लावल्या तर पांच किलोंना थोड्या कमी भरल्या. देव, शंख व घंटा मिळून अडीच; औषधांचा डबा, पाण्याची बाटली व शाल यांचे दोन. आम्हीं टपालाचा उपाय सुचविला. आत्यानें मान हलविली. मोठ्या पेटीचा सुचविला. तिनें पुन्हां मान हलविली. मग ती वह्या घेऊन खिडकीशीं बसली आणि दोन दिवस वाचीत राहिली. मधूनच एखादी रक्कम ती मोठ्यानें वाची. "रॉकेल, दोन रुपये दहा पैसे." "अरे, तुझ्या मुंजीचा आहेरहि आहे रे यांत." तिसऱ्या दिवशीं तिनें एक वही पिशवींत घातली. १९७५ ची. तींत एका पानावर 'पाळणा' असें लिहून पुढें रक्कम घातलेली होती. बाकीच्या तेरा वह्या तिनें आमच्या हातीं दिल्या व म्हणाली, "तुझ्याकडे असूं देत. हरवूं नकोस."

विमानतळावर काट्यानें ७.९ दाखविले. काट्यापलीकडची मुलगी विशीतली असेल; ती अदबीनें म्हणाली, "आजी, नऊशें ग्रॅम जास्त आहेत. कांहीं तरी काढावें लागेल, नाहीं तर पैसे भरावे लागतील."

आत्यानें तिला विचारलें, "बाळ, माझें वजन एकेचाळीस आहे. हे शेजारचे केवढे आहेत बघ. त्यांच्या माझ्यांतला फरक धरून नाहीं का होत?"

शेजारच्या गृहस्थांनीं दुसरीकडे पाहिलें. मुलगी हंसली; पण काटा तिच्या हातांत नव्हता. मग तिनेंच आत्याच्या खांद्यावरच्या पर्सकडे बोट दाखविलें. ती आमच्या कन्येनें निघतांना दिली होती. तोंवर आत्यानें कंबरेच्या बटव्याखेरीज कांहीं वापरलेलें नव्हतें. एका प्रवाशास एकच पिशवी, असा सुरक्षेचा नियम आहे व त्याची आठवण सरकारनें २०२२ सालीं कंपन्यांना पुन्हां दिली. पण स्त्रियांची पर्स त्या नियमास अपवाद आहे. "पर्स आम्ही नाहीं मोजत, आजी." तेव्हां अन्नपूर्णा, बाळकृष्ण आणि घंटा पर्समध्यें गेलीं. काटा ६.८ वर आला. विमानाचा भार गुंजभरहि कमी झाला नव्हता; पण नियमाचें समाधान झालें, आत्याचेंहि झालें. प्रवासभर ती पर्स तिनें मांडीवरून खालीं ठेविली नाहीं. हवाईसेविकेनें ती पुढच्या आसनाखालीं ठेवावयास सांगितली, तेव्हां "पायाशीं?" एवढाच प्रश्न तिनें विचारला. त्या मुलीला मराठी येत नव्हतें, पण तिनें पर्सच्या तोंडाशीं डोकावून पाहिलें, आपल्या हातानें ती वरच्या कप्प्यांत एका शालीवर ठेविली, आणि उतरतांना तशीच दोन्ही हातांनीं काढून दिली.

वह्या आमच्या कपाटांत आहेत. बंगळूरला जाणारें घरचें कोणीहि आतां मोकळ्या हातानें जात नाहीं. पिशवीचें वजन करतांना एका वहीची जागा आधीं सोडावी लागते. दिवाळींत आमची कन्या गेली ती पहिल्या दोन वह्या घेऊन. लग्नाचा खर्च त्यांत आहे. गेल्या महिन्यांत भाचा गेला, त्यानें एक नेली. प्रत्येक वही पोंचली कीं आत्याचा दूरध्वनि येतो आणि एखाद्या जुन्या वर्षाचे भाव आम्हांला ऐकावे लागतात. दहा उरल्या आहेत. पुढच्या आठवड्यांत वाड्यांतले जुने शेजारी तिकडे जाणार आहेत. आत्याचा त्यांच्यावर विश्वास आहे. त्यांची पिशवी कापडी आहे कीं चाकांची, तें आमच्या सौभाग्यवतींनीं आधींच विचारून ठेवलें आहे. कापडी आहे.