आधी डिस्क बाजूला ठेव

अरेरा कॉलोनी, भोपाळ

चि. सोनूस,

काल फोनवर तुझा आवाज अगदी उतरलेला वाटला, म्हणून लिहायला बसले. डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांची खाती आणि अधिकार सांभाळणारा सर्व्हर, उठत नाही, एनटीडीएस.डिट या त्याच्या डेटाबेस फाइलवर 'एसेंटयूटिल /पी' हे रिपेअर चालवून झालं आणि तेही फसलं. आता ते पुन्हा चालवू नकोस. डिस्कची जशीच्या तशी प्रत काढ आणि मूळ डिस्क बाजूला ठेव.

हे रिपेअर 8 केबीचं एखादं पान वाचता आलं नाही, की ते टाकून पुढे जातं. त्या पानावर कुणाचं खातं होतं, कुणाचे अधिकार होते, त्याला घेणंदेणं नाही. सर्व्हर कधी सुरूही होतो, आणि मग महिन्याभराने लक्षात येतं की माणूस यादीत आहे पण त्याचा ग्रुप गायब. जुने लॉगही त्या फाइलला मग लागत नाहीत. असा डेटाबेस रोजच्या कामाला लावायचा नाही.

27 जून 2017 आठवतो? नॉटपेट्या या मालवेअरने मर्स्क ही जहाज कंपनी कोलमडली, न्हावा शेवा बंदरात तिच्याच समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. त्यांचे सुमारे 150 डोमेन कंट्रोलर एकमेकांची प्रत ठेवायचे. सगळे एकदम जातील हे कुणी धरलंच नव्हतं. वाचला तो घानातला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली लाइट गेली होती. नेटवरून डेटा आणायला कित्येक दिवस लागले असते आणि तिथल्या माणसांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. एकजण हार्ड डिस्क घेऊन नायजेरियाला गेला, विमानतळावर ती दुसऱ्याच्या हाती दिली, तिथून ती लंडनला पोचली. एवढ्या मोठ्या कंपनीनेही फुटक्या फाइली सांधत बसण्यापेक्षा शाबूत प्रत शोधली, हे मला फार मोलाचं वाटतं.

तुमच्या दुसऱ्या शाखेत चालू कंट्रोलर असेल तर काम सोपं आहे. बिघडलेला नेटवर्कवरून कायमचा काढ, एफएसएमओ रोल्स, म्हणजे डोमेनच्या खास जबाबदाऱ्या, चालू कंट्रोलरकडे घे, बिघडलेल्याचा मेटाडेटा साफ कर आणि नवीन मशीन उभं कर. चालू कंट्रोलर नसेल तर सिस्टम स्टेट बॅकअप शोध. टूमस्टोनची, म्हणजे मिटवलेल्या नोंदींच्या खुणांची, मुदत सहसा 180 दिवस असते, त्याहून जुना बॅकअप चालणार नाही. नुसती जुनी डिट फाइल उचलून जागेवर ठेवायचा मोह मात्र टाळ.

डीएसआरएमचा, म्हणजे कंट्रोलरच्या रिस्टोअर मोडचा, पासवर्ड कुणाकडे आहे ते आजच विचार, आणि बॅकअपची तारीख मला कळव. साहेब घाई करतील, करू देत. जेवून घे.

तुझी,
मावशी